फोटो ‘चित्रासारखा’ दिसतो, म्हणजे नक्की काय होतं?



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने परवा मला विचारलं, “ताई, विषय तर आहे माझ्याकडे. पण सगळे म्हणतात रिसर्च क्वेश्चन कुठंय? विषय आणि रिसर्च क्वेश्चन यात फरक काय?” मी माझ्या केमिस्ट्रीतलं एक उदाहरण दिलं. ते तिच्या डोक्यावरून गेलं, कारण तिचा विषय वेगळा. मग म्हटलं, सगळ्यांना समजेल असा एखादा विषय घ्यावा आणि त्याचा प्रश्न कसा बनतो ते पायरीपायरीने दाखवावं. म्हणून आजचा विषय माझ्या लॅबच्या बाहेरचा आहे. तुमचं क्षेत्र कुठलंही असो, शेवटपर्यंत वाचा.

एक रस्ता, एक रात्र

३१ डिसेंबर २०१५ ची रात्र, इंग्लंडमधलं मँचेस्टर शहर. जोएल गुडमन नावाचे छायाचित्रकार रस्त्यावरची नववर्षाची गर्दी टिपत होते. त्यांच्या एका फोटोत पोलीस एका माणसाला जमिनीवर दाबून धरतायत, आजूबाजूला काही लोक उभे आहेत, काही वळून बघतायत. आणि निळ्या कपड्यातला एक माणूस भर रस्त्यात आडवा पडून, हात लांब करून बिअरच्या बाटलीकडे बघतोय. स्थानिक वृत्तपत्राच्या साइटवर त्या रात्रीचे बरेच फोटो आले, त्यात हाही होता. एका पत्रकाराने तो ट्विटरवर टाकला आणि हे एखाद्या सुंदर चित्रासारखं आहे अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. दोन दिवसांत फोटो जगभर फिरला. कोणाला त्या लांब केलेल्या हातात मायकेलअँजेलोचा आदम दिसला. कोणी फोटोवर सोनेरी गुणोत्तराचं सर्पिल काढून दाखवलं की बघा, सगळं कसं बरोबर बसतं!

तुम्हीही असे फोटो पाहिले असतील. संसदेतली हाणामारी, लोकलच्या डब्यात पेंगणारी माणसं, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीत झोपलेले काका, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असतं, “हे तर अगदी रेनेसाँ पेंटिंग!” आपण हसतो, फॉरवर्ड करतो, पुढे जातो.

“असे फोटो चित्रांसारखे दिसतात” हा झाला विषय. यावर तुम्ही वीस स्लाइडचं प्रेझेंटेशन कराल, पण संशोधन करता येणार नाही, कारण यात चूक ठरू शकेल असं काहीच नाही. आता हेच वाक्य जरा वळवून बघा. हे साम्य योगायोगाने येतं, की त्यामागे काही कारणं आहेत? आणि ते साम्य आपल्याला फोटोतल्या माणसांबद्दल काही खरं सांगतं का? हे प्रश्न झाले. यांची उत्तरं ‘नाही’ अशीही येऊ शकतात. म्हणूनच शोधण्यात अर्थ आहे.

आधी ते सर्पिल बाजूला ठेवू

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला सगळ्यात आधी भुरळ पडते ती सोनेरी गुणोत्तराची. १.६१८ हा आकडा आला की वाटतं, चला, पुरावा मिळाला. पण जरा थांबा. हा पुरावा कशाचा?

आधी त्याचा इतिहास बघू. हे गुणोत्तर युक्लिडला माहीत होतं. १५०९ मध्ये लुका पाचोली या गणितज्ञाने व्हेनिसमध्ये ‘दिव्य प्रमाण’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक छापलं आणि त्यातल्या घनाकृतींची चित्रं लिओनार्दो दा व्हिंचीने काढली. त्यामुळे लोकांना वाटतं की रेनेसाँचे चित्रकार याच गुणोत्तराने चित्रं मांडत असणार. प्रत्यक्षात पाचोलीचं पुस्तक मुख्यतः गणिताचं आहे. मानवी शरीर आणि इमारतींबद्दल बोलताना तो रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसच्या साध्या पूर्णांकी प्रमाणांकडे वळतो. ‘सोनेरी’ हा शब्द तर छापील स्वरूपात १८३५ मध्ये मार्टिन ओह्म या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात येतो. हे गुणोत्तर म्हणजे सौंदर्याचा सर्वव्यापी नियम, ही कल्पना जोरात मांडली आडोल्फ झाइझिंगने, १८५४ मध्ये. पुढे १८७६ मध्ये फेखनरने लोकांना वेगवेगळे आयत दाखवून कोणता आवडतो हे विचारण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. थोडक्यात, आपण रेनेसाँच्या नावावर खपवतो ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीची कल्पना आहे.

आता तांत्रिक बाजू. आडव्या आयतात हे सर्पिल चार प्रकारे बसवता येतं, उभ्यात आणखी चार प्रकारे. शिवाय त्याचा आकार लहानमोठा करता येतो, आणि फोटो कुठे कापायचा हेही आपल्याच हातात. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याची चौकट ३:२, म्हणजे १.५ या प्रमाणाची असते. म्हणजे १.६१८ चा आयत बसवायला फोटो कापावा तरी लागतो, नाहीतर सर्पिल ओढूनताणून बसवावं लागतं. त्यावर रेघ नेमकी कशावरून गेली म्हणजे ‘बसलं’ म्हणायचं, याचा नियम आधी कोणीच ठरवलेला नसतो. चेहऱ्यावरून गेली तरी बसलं, हातावरून गेली तरी बसलं, बाटलीजवळून गेली तरी बसलंच!

डेटा आधी आणि नियम नंतर, असं झालं की कुठलाही मॉडेल फिट होतो. तुमच्या कॅमेऱ्यातला कुठलाही गर्दीचा फोटो घ्या आणि आठही प्रकारे सर्पिल लावून बघा. एखादं तरी बसेलच. मी ट्रेकच्या फोटोवर करून पाहिलं, वडापावच्या गाडीवर अगदी सुरेख बसलं.

छेद कुठंय?

आता दुसरा प्रश्न. मँचेस्टरचा तो एक फोटो आपण पाहिला. पण त्या रात्री जगभरात किती फोटो काढले गेले असतील? त्यातला एक चित्रासारखा दिसला तर आश्चर्य कशाचं करायचं? अपूर्णांकातला फक्त अंश आपल्याला दिसतो, छेद दिसत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागलीये म्हणून सांगतेय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवत होते. एसईएमखाली एके दिवशी अप्रतिम इमेज मिळाली. अगदी शेवंतीचं फूल, पाकळी न् पाकळी मोजता यावी असं. मी हरखून गेले. एका परिषदेसाठी अॅबस्ट्रॅक्ट लिहिला, त्यात ‘फुलाच्या आकाराच्या रचना मिळाल्या’ असं ठोकून दिलं आणि तीच इमेज पोस्टरच्या मधोमध लावली. पोस्टर छापायला द्यायच्या आदल्या दिवशी मॅडमनी ते पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “किती फील्ड पाहिलीस?”

मी परत जाऊन सगळ्या इमेजेस उघडल्या. चाळीस होत्या. फुलं तीनमध्ये. बाकी सगळीकडे आडवेतिडवे दांडे आणि गठ्ठे. मी खोटं काहीच बोलले नव्हते, इमेज खरी होती. पण ‘माझ्या सॅम्पलमध्ये फुलं आहेत’ आणि ‘माझ्या सॅम्पलमध्ये मला फूल सापडलं’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढं मी खोटं बोलले होते. अॅबस्ट्रॅक्ट मागे घ्यावा लागला. त्या रात्री जेवण गेलं नाही. पण मॅडम रागावल्या नाहीत याचंच जास्त वाईट वाटलं.

फोटोंचंही असंच आहे. याचा एक जुना ऐतिहासिक पुरावा देते. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो घेतले. तोपर्यंत युरोपातले चित्रकार भरधाव घोडा कसा दाखवायचे? पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे, पोट जवळजवळ जमिनीला समांतर. जेरिकोने १८२१ मध्ये काढलेलं एप्समच्या शर्यतीचं चित्र लुव्र संग्रहालयात आहे, त्यातले घोडे असेच उडतात. मायब्रिजच्या फोटोंत दिसलं की घोड्याचे चारही पाय हवेत असतात तेव्हा ते ताणलेले नसतात, पोटाखाली जवळ आलेले असतात. लोकांना ते फोटोच विचित्र वाटले. म्हणजे कॅमेऱ्याने पकडलेला क्षण चित्रासारखा नसणं हीच मुळात नेहमीची गोष्ट होती. जे क्षण चित्रासारखे निघतात ते वेगळे काढून आपण साठवतो, आणि बाकीचे ‘फोटो नीट आला नाही’ म्हणून डिलीट करतो.

तेव्हा पहिलं उत्तर: निवड. फोटो काढणारा निवडतो, संपादक निवडतो, फॉरवर्ड करणारे आपण निवडतो. इतक्या चाळण्यांतून जे खाली उरतं त्याला योगायोग म्हणणं बरोबर नाही.

पण सगळं निवडीवरही ढकलता येत नाही

इथे थांबलात तर अर्धंच काम झालं. मुलाखतीत परीक्षक विचारतील, “म्हणजे हे फक्त सिलेक्शन बायस आहे, असं तुमचं म्हणणं?” आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात तर अडकाल. कारण साम्य येण्याची ठोस कारणंही आहेत.

एक, कॅमेरा हा चित्रकलेचाच वारस आहे. १४३५ मध्ये लेऑन बात्तिस्ता अल्बेर्तीने ‘चित्रकलेविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एका ठिकाणी स्थिर असलेल्या डोळ्याला जग कसं दिसेल आणि सपाट पृष्ठभागावर ते कसं उतरवायचं, याचा नियम आहे. साधी लेन्स नेमकं तेच करते. समांतर रेषा दूर जाताना एका बिंदूकडे येतात, लांबची माणसं लहान होतात. मुघल किंवा पहाडी लघुचित्रात असं नसतं, तिथे एकाच चित्रात अंगण वरून दिसतं आणि माणूस समोरून. म्हणूनच मोबाइलमधला फोटो पहाडी चित्रासारखा सहसा दिसत नाही आणि युरोपीय चित्रासारखा पटकन दिसतो. हा योगायोग नाही, यंत्राच्या घडणीतच ते आहे.

दोन, उजेड. काराव्हाज्जोने १५९९ ते १६०० च्या सुमारास रोममधल्या एका चर्चसाठी ‘संत मॅथ्यूला आलेलं बोलावणं’ हे चित्र काढलं. अंधारी खोली, टेबलाभोवती पैसे मोजणारी माणसं आणि उजवीकडून तिरका पडणारा उजेड. आता रात्रीचा रस्ता डोळ्यासमोर आणा: एक दिवा, बाकी काळोख. किंवा लोडशेडिंगमधलं घर, एक इमर्जन्सी लाइट. एकाच बाजूने उजेड आला की अर्धा चेहरा उजळतो, पाठीमागचा पसारा अंधारात जातो, आणि चित्रकाराला जे मुद्दाम करावं लागलं असतं ते आपोआप होतं. फिजिक्स तेच आहे.

गंमत म्हणजे याच चित्रात येशूचा पुढे केलेला हात मायकेलअँजेलोच्या सिस्टाइन चॅपेलमधल्या आदमच्या हातावरून घेतलाय, असं कला-इतिहासकार सांगतात. म्हणजे मँचेस्टरच्या फोटोत लोकांना ‘आदमचा हात’ दिसला त्याच्या चारशे वर्षं आधीच चित्रकार तो हात एकमेकांकडून उचलत होते.

तीन, फोटो काढणाऱ्यांनी सुरुवातीपासून चित्रांची शाळा केलीये. पुन्हा मँचेस्टरलाच चला, पण १८५७ मध्ये. तिथल्या भव्य कलाप्रदर्शनात ऑस्कर रेलँडर यांनी ‘आयुष्याचे दोन मार्ग’ नावाचा फोटो मांडला. तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून तयार केलेला, रांगेने माणसं, मागे कमानी. त्याची मांडणी राफाएलच्या ‘अथेन्सची शाळा’ या भित्तिचित्राची आठवण करून देणारी. व्हिक्टोरिया राणीने त्याची एक प्रत विकत घेतली. त्याच काळात आपल्या कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरून इंग्लंडमध्ये घरातल्या मोलकरणीला मॅडोना म्हणून बसवून फोटो काढत होत्या. फोटोग्राफीला तेव्हा ‘कला’ म्हणून मान हवा होता, आणि तो मिळवायचा रस्ता चित्रकलेतून जात होता. तिथून पुढे मांडणीचे नियम क्लासेसमध्ये, पुस्तकांत, संपादकांच्या डोळ्यांत मुरत गेले. आज रस्त्यावर धावत धावत फोटो काढणाऱ्याला ते आठवावेही लागत नाहीत. बोट आपोआप त्या क्षणाला बटण दाबतं.

म्हणजे ‘नकळत’ हा शब्दही तपासून वापरायला हवा. फोटो काढणाऱ्याने ठरवलं नव्हतं, हे खरं. पण त्याच्या हातात ते नव्हतंच असंही नाही.

हॅम्बुर्गचा एक वेडा माणूस

हा प्रश्न आधी कोणी विचारला होता का? संशोधनात ही तपासणी करावीच लागते, नाहीतर आपण लिटरेचर रिव्ह्यू न करताच ‘नॉव्हेल्टी’ म्हणून नाचत बसतो. विचारला होता, आणि फार गंभीरपणे.

आबी वार्बुर्ग यांचा जन्म १८६६ चा, हॅम्बुर्गमधल्या श्रीमंत बँकर घराण्यातला. त्यांनी पेढीत लक्ष घातलं नाही, पुस्तकं जमवली. १९०५ मध्ये ड्यूररच्या एका चित्राबद्दल लिहिताना त्यांनी ‘पाथोसफॉर्मेल’ हा शब्द वापरला. आपल्या भाषेत सांगायचं तर तीव्र भावनेची ठरून गेलेली देहबोली. ग्रीक-रोमन शिल्पांत बेभान नाचणारी, केस मोकळे सोडलेली स्त्री असते. तीच ठेवण शेकडो वर्षांनी रेनेसाँच्या कलेत परत येते. पण कुठे? क्रुसाखाली आक्रोश करणाऱ्या मॅग्डालेनच्या अंगात! तेच फेकलेले हात, तेच मोकळे केस. एक उन्मादात आहे, दुसरी दुःखात.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे. आकार तोच राहिला, अर्थ पार उलटा झाला.

१९२४ पासून वार्बुर्ग यांनी ‘म्नेमोसिनी’ नावाचा चित्रांचा अॅटलस करायला घेतला. काळ्या कापडाने मढवलेले मोठे फलक, त्यावर प्राचीन शिल्पं, चित्रं, नकाशे, टपाल तिकिटं यांचे फोटो शेजारीशेजारी टाचलेले. शेवटच्या काही फलकांवर वर्तमानपत्रातली कात्रणं आणि जाहिरातीही आहेत. एकावर तर गोल्फ खेळणाऱ्या बाईचा फोटो आहे, आणि तिच्या हात उगारण्यात त्यांना प्राचीन स्त्रीमूर्तींचा आवेश दिसत होता. १९२९ मध्ये ते गेले तेव्हा काम अपुरंच होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांचं ग्रंथालय लंडनला हलवलं गेलं, आणि ते आजही तिथे आहे.

आपल्यासाठी यातली गोष्ट कुठली? वार्बुर्ग ‘बघा, सारखं दिसतं!’ म्हणून थांबले नाहीत. सारखं दिसणं हा त्यांच्यासाठी प्रश्नाचा आरंभ होता. हा आकार इथवर कुठल्या वाटेने आला आणि येताना त्याचा अर्थ काय झाला, हे त्यांनी विचारलं.

आणि आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसले

इथपर्यंत सगळं मजेचं होतं. आता दोन फोटो असे, जिथे मजा संपते.

सप्टेंबर १९९७. अल्जीरियात यादवी चालू होती. २२ तारखेच्या रात्री राजधानी अल्जीयर्सजवळच्या बेंताल्हा या वस्तीत लोकांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी, जखमी आणि मृतांना नेलेल्या झ्मिरली रुग्णालयाबाहेर, एका फ्रेंच वृत्तसंस्थेसाठी काम करणारे अल्जीरियन छायाचित्रकार होसीन झौरार यांनी एका बाईचा फोटो घेतला. भिंतीला टेकलेली, डोक्यावर ओढणी, मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं, शेजारची बाई तिला सावरतेय. फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. युरोपच्या वाचकांना त्यात येशूच्या मृत्यूवर शोक करणारी मेरी दिसली. फोटोला नावच पडलं, ‘बेंताल्हाची मॅडोना’. त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कारही त्याला मिळाला.

फोटोसोबत सुरुवातीला बातमी गेली होती की या बाईची आठ मुलं मारली गेली. ती बातमी चुकीची होती. तिची मुलं मारली गेली नव्हती, तिचा भाऊ आणि त्याच्या घरातली माणसं गेली होती. वृत्तसंस्थेला दुरुस्ती करावी लागली. पण ‘मॅडोना’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या बाईने पुढे वृत्तसंस्थेविरुद्ध तक्रार केली. ती मुसलमान होती, बहीण म्हणून रडत होती, आणि जगाने तिला ख्रिस्ती आई करून टाकलं होतं.

चूक चित्रामुळे झाली असं मी म्हणत नाही, ती बातमीतली चूक होती. पण विचार करा, ती चूक इतकी सहज का पटली? कारण मॅडोना म्हटलं की मूल आलंच. चित्राने रिकामी जागा आधीच भरून ठेवली होती. तपासायची गरज कोणाला वाटेल?

दुसरा फोटो १५ ऑक्टोबर २०११ चा, येमेनची राजधानी साना इथला. आंदोलकांवर कारवाई झाल्यावर एका मशिदीत तात्पुरतं रुग्णालय उभं केलं होतं. तिथे काळ्या बुरख्यातली एक आई, हातात पांढरे मोजे, आपल्या उघड्या अंगाच्या तरुण मुलाला कवटाळून बसलीये. स्पॅनिश छायाचित्रकार सॅम्युएल अरांदा यांच्या या फोटोलाही वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आणि सगळीकडे एकच शब्द: पिएता. मायकेलअँजेलोचं पंधराव्या शतकाच्या अखेरचं ते शिल्प, मेरीच्या मांडीवर येशूचं निष्प्राण शरीर.

पण पिएता म्हणजे मेलेला मुलगा. सानामधला मुलगा जिवंत होता! त्याला अश्रुधुराचा त्रास झाला होता आणि तो त्यातून वाचला. फोटोतली आई शोक करत नव्हती, ती त्याला धरून ठेवत होती. साम्याने आपल्याला बरोब्बर विरुद्ध गोष्ट सांगितली.

दोन फोटो, दोन्हींत तीच तुलना, आणि दोन्हींत ती तुलना वस्तुस्थितीच्या बाबतीत चुकली. एकीत मूल नव्हतंच, दुसरीत ते मेलेलं नव्हतं. दोन उदाहरणांवरून नियम मांडू नये, हे मी वर चाळीस इमेजेसच्या गोष्टीत सांगितलंच आहे. पण एवढं नक्की म्हणता येतं की आकाराच्या साम्यावरून आशय ठरवता येत नाही. वार्बुर्ग यांच्या बेभान नर्तकी आणि मॅग्डालेनने हेच सांगितलं होतं.

या साम्याचा काही फायदाच नाही का? आहे. त्या ओळखीमुळेच लाखो अनोळखी लोक त्या फोटोपाशी थांबले. एरवी अल्जीरियाची बातमी किती जणांनी वाचली असती? पण थांबल्यावर त्यांनी जिला पाहिलं ती बाई ती नव्हतीच. यातलं काय जास्त मोलाचं, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही ठरवा.

आपल्या डोळ्यांतली चित्रं

एक शंका तुमच्या मनात आली असेल. आपण सावंतवाडी, सोलापूर, अकोल्याची माणसं. आपल्याला ‘रेनेसाँ’ का दिसावा? आपल्या घरात काराव्हाज्जो नव्हता, कॅलेंडर होतं. रविवर्म्यांची लक्ष्मी-सरस्वती छापणारा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ती चित्रं तैलरंगाच्या युरोपीय पद्धतीची होती. म्हणजे तो उजेड आणि ते पर्स्पेक्टिव्ह देवघराच्या भिंतीवरून आपल्या डोळ्यांत आधीच उतरलं होतं.

दिवाळीत हातात पणती धरलेल्या बहिणीचा फोटो तुम्ही काढलाच असेल. दिव्याआड धरलेला हात, बोटांमधून झिरपणारा लालसर उजेड, उजळलेला चेहरा. तो पाहून घरात कोणीतरी म्हणतं, “अगदी रविवर्म्याच्या चित्रासारखा!” ज्या चित्राची आठवण होते ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते रविवर्म्याचं नाही. ते आपल्या सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि त्यासाठी त्यांची मुलगीच दिवा घेऊन उभी राहिली होती. तरी वर्षानुवर्षं लोक ते रविवर्म्याच्या नावावर सांगतात. का? कारण ‘त्यांच्यासारखं दिसतं’. इथेही तीच चूक. दिसण्यावरून आपण नाव ठरवलं, आणि ज्याचं काम त्याचं नाव गेलं.

तुमच्या वहीत लिहून ठेवा

तुमच्या विषयात असं ‘सारखं दिसणं’ रोज भेटेल. दोन ग्राफ सारखे दिसतील, दोन बोलींतले शब्द सारखे दिसतील, दोन आजारांची लक्षणं सारखी दिसतील. तेव्हा स्वतःला चार प्रश्न विचारा. सारखं म्हणजे कशात, हे मी बघायच्या आधी ठरवलं होतं का? मी किती पाहिले आणि त्यातले किती दाखवतेय? हे साम्य यायला दोन्हींचं काही सामाईक कारण आहे का, जसं लेन्सचं आणि अल्बेर्तीचं होतं? आणि शेवटचा, जो आपण विज्ञानवाले बहुतेकदा विसरतो: माझ्या तुलनेमुळे कोणाची गोष्ट बदलतेय का? नॅनोकण तक्रार करत नाहीत. पण तुमचं सॅम्पल म्हणजे माणसं असतील, मुलाखती असतील, पेशंट असतील, तर तुम्ही दिलेलं नाव त्यांना आयुष्यभर चिकटू शकतं.

माझी ती शेवंतीच्या फुलाची इमेज अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. खाली पेनाने लिहिलंय: ३ / ४०. नवीन ज्युनिअर येतात, म्हणतात, “ताई, काय सुंदर फूल आहे!” मी म्हणते, हो, सुंदर आहेच. खालचा आकडाही वाच.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा ‘चित्रासारखा’ फोटो असेल तर आज उघडून बघा. आणि त्यातल्या माणसाला विचारा, त्या क्षणी नक्की काय चाललं होतं.

भेटू पुढच्या लेखात. अभ्यास चालू ठेवा!